काव्य कशाला म्हणावे : बारामतीच्या आर्येची साक्ष

काव्य कशाला म्हणावे, हा प्रश्न मराठीत जेव्हा जेव्हा हिरीरीने विचारला गेला, तेव्हा तो बहुधा बारामतीच्या एका पुराणिकाच्या रचनेपाशी येऊन अडला. मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजेच मोरोपंत (१७२९–१७९४), हे मराठीतील पंडित कवींच्या परंपरेचे शेवटचे मोठे नाव होय. संस्कृत काव्यशास्त्र, पुराणे आणि महाकाव्ये यांच्या अभ्यासातून घडलेल्या, वृत्त आणि अलंकार यांवर विशेष भर देणाऱ्या कवींना मराठी वाङ्मयेतिहासात पंडित कवी म्हणतात. वामन पंडित आणि रघुनाथ पंडित हेही त्याच परंपरेतले. पण रचनेचा विस्तार आणि कारागिरीचा सोस या दोन्ही बाबतींत मोरोपंतांची बरोबरी त्यांपैकी कोणी करू शकले नाही. त्यामुळे त्यांना कवी म्हणणारा आणि केवळ पद्यकार म्हणणारा, अशा दोघांनाही आपल्या मनातली काव्याची व्याख्या उघड करावी लागते, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत ती बऱ्याच जणांनी केलीही आहे. ही चर्चा आजवर मुख्यतः ग्रंथांच्या आधारे झाली. ज्या गावात आणि ज्या श्रोत्यांसमोर ही रचना उभी राहिली, त्या बारामतीचा, तसेच कऱ्हा, नीरा आणि भीमा यांच्या खोऱ्यांतील बारामती-इंदापूर भागात नांदणाऱ्या इतर पद्यप्रकारांचा विचार तीत फारसा आला नाही.

पराडकरांचे घराणे मूळचे कोकणातले; मोरोपंतांचा जन्म पन्हाळगडावर झाला आणि केशव पाध्ये व गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांचे संस्कृत अध्ययन तेथेच झाले. वडील रामजीपंत बारामतीकर नाईकांच्या चाकरीत असल्यामुळे ऐन विशीत मोरोपंत बारामतीस आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे त्या काळातील बडे सावकार होते. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई त्यांच्या भावाला, आबाजी नाईकांना, दिलेली होती. तरीही बाजीरावाच्या मृत्यूनंतर १७४० मध्ये पेशवेपदासाठी खुद्द बाबूजी नाईकांचे नाव पुढे आले होते आणि रघूजी भोसल्यांचा त्यास पाठिंबा होता. पेशवाई मिळाली नाही, पण पैसा, वाडा आणि विद्वानांना पदरी बाळगण्याची ऐपत कायम राहिली. मोरोपंतांचा निर्वाह याच आश्रयावर चालला आणि त्यांचे मुख्य काम पुराण सांगण्याचे होते.

पुराणिकाचा व्यवसाय नीट समजून घेतल्याशिवाय मोरोपंतांची रचना समजत नाही. पुराणिक पोथी समोर ठेवून मूळ संस्कृत श्लोक म्हणतो, त्याचा अन्वय लावतो, मराठीत अर्थ सांगतो, दृष्टान्त देतो आणि पुढच्या श्लोकाकडे वळतो. श्रोत्यांना कथा आधीपासून ठाऊक असते. द्रौपदीचे पुढे काय झाले हे कळावे म्हणून कोणी पुराणाला बसत नाही. उत्सुकता असते ती आज हा प्रसंग कसा सांगितला जाईल याची. अशा श्रोत्यांसाठी रचना करणाऱ्याला कथानकाच्या नावीन्याची गरज नसते, सांगण्याच्या नावीन्याची मात्र सतत गरज असते. मोरोपंतांनी महाभारत सुमारे १७ हजार आर्यांत मराठीत आणले (हेच ‘आर्याभारत’), भागवताचा दशमस्कंध ‘कृष्णविजया’त सांगितला आणि रामकथा तर पुनःपुन्हा सांगितली, या पुनरावृत्तीचे मूळ त्यांच्या धंद्यात आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने या प्रकारच्या लेखनाला कोणती जागा दिली असती? शब्द आणि अर्थ यांचे साहचर्य म्हणजे काव्य, असे भामहाने सांगितले, आणि पुढच्या जवळजवळ सर्व व्याख्या याच दोन शब्दांभोवती फिरत राहिल्या. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनी, म्हणजे सरळ न सांगता सुचवलेला अर्थ, हा काव्याचा आत्मा मानला. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दोषरहित, गुणयुक्त आणि क्वचित अलंकार नसले तरी चालेल असे शब्दार्थ म्हणजे काव्य, अशी सावध व्याख्या केली, विश्वनाथाला ती पटली नाही आणि ‘साहित्यदर्पणा’त त्याने रसयुक्त वाक्यालाच काव्य म्हटले, सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने ‘रसगंगाधरा’त रमणीय अर्थ प्रतिपादन करणाऱ्या शब्दावर बोट ठेवले. मम्मटाने काव्याच्या तीन पायऱ्याही पाडल्या. सुचवलेला अर्थ प्रधान असलेले काव्य उत्तम, तो गौण असलेले मध्यम, आणि अर्थसूचनेकडे लक्षच नसून केवळ शब्दांची किंवा अलंकारांची करामत असलेले ‘चित्रकाव्य’ तिसऱ्या प्रतीचे. आनंदवर्धन याहून कठोर होता. त्याच्या मते चित्रकाव्य हे काव्य नव्हेच, ती काव्याची नक्कल होय.

आता हे माप मोरोपंतांच्या रामायणांना लावून पाहावे. परंपरेने ही रामायणे १०८ मानली जातात, त्यांपैकी काही आज उपलब्ध नाहीत. विद्युन्माला, पृथ्वी, सवाई, घनाक्षरी अशी वृत्तांवरून किंवा छंदांवरून नावे असलेली रामायणे त्यांत आहेत. ‘मंत्ररामायणा’त रामाचा त्रयोदशाक्षरी मंत्र पद्यांतून गुंफलेला आहे. ‘दामरामायणा’त एका चरणाच्या शेवटी आलेली अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी येतात, म्हणजे चरणाला चरण दाव्याने बांधल्यासारखा जोडला जातो. आणि ‘निरोष्ठ रामायण’ हे ओठांना ओठ न लावता उच्चारता येईल असे, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे वर्ज्य करून रचलेले आहे. या शेवटच्या रचनेतली गंमत सहसा कोणी सांगत नाही: ‘राम’ या नावातच ‘म’ असल्यामुळे ज्याची कथा सांगायची त्याचे नाव घेण्याचीच सोय कवीने स्वतःला ठेवलेली नाही.

असे निरोष्ठ लेखन मोरोपंतांनीच प्रथम केले असे नाही. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा राजकुमार आपली संपूर्ण हकीकत ओष्ठ्य वर्णांविना सांगतो, त्याचे कारण कथेतच दिले आहे, प्रियेच्या दंतक्षताने त्याचे ओठ दुखावलेले असतात. विसाव्या शतकात जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने १९६९ मध्ये ‘ई’ हे फ्रेंचमधील सर्वाधिक वापराचे अक्षर पूर्णपणे टाळून एक कादंबरी लिहिली. तिच्यातील गहाळ अक्षराचा संबंध महायुद्धात गमावलेल्या त्याच्या आईवडिलांशी जोडला जातो. दंडीच्या निर्बंधाला कथेतून आणि पेरेकच्या निर्बंधाला आयुष्यातून अर्थ मिळाला. मोरोपंतांच्या निरोष्ठाला असा आधार नाही. तो शुद्ध कसरतीचा भाग आहे, आणि तसे म्हणण्यात पंतांचा अपमान नाही, कारण त्यांच्या श्रोत्यांनाही ती कसरतच हवी होती. मम्मटाच्या तिसऱ्या पायरीवर या रामायणाची जागा निर्विवाद आहे.

परंतु मोरोपंत म्हणजे केवळ ही रामायणे नव्हेत. ‘केकावली’ ही त्यांची उत्तरायुष्यातील रचना मुख्यतः पृथ्वी वृत्तात असून तिचे श्लोक सव्वाशेच्या आतबाहेर आहेत. ‘केका’ म्हणजे मोराचा शब्द. स्वतःच्या नावातल्या मयूराचा आधार घेऊन कवीने मेघश्याम देवाला घातलेल्या हाकांची ही माळ आहे. तिच्यातही यमक आहे, समास आहेत, पुराणांतील दाखले तर पावलोपावली आहेत. पण देवाशी वाद घालणाऱ्या, त्याला पूर्वीच्या उद्धारांची आठवण देऊन आपल्याबाबत होणाऱ्या दिरंगाईचा जाब विचारणाऱ्या भक्ताचा स्वर त्या सर्वांवर मात करतो. सत्संगतीची मागणी करणारा तिच्यातील श्लोक महाराष्ट्रातील शाळांच्या प्रार्थनेत पिढ्यान् पिढ्या म्हटला गेला, आणि तो म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना कवीचे नाव विचारावेसेही वाटले नाही. एकाच माणसाच्या एका रचनेला रसाची व्याख्या सहज सामावून घेते आणि दुसरीला बाहेर ढकलते. म्हणूनच ‘मोरोपंत कवी होते काय’ हा प्रश्न नेहमीच चुकीच्या पातळीवर लढला गेला.

संस्कृतच्या बाहेर, मराठीतच, याआधी एक व्याख्या झालेली होती. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकात कवित्वकलेवर एक समास लिहून कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार केले. मनात येईल त्या विषयावर बेधडक रचलेले ते धीट. पुष्कळ ग्रंथ धुंडाळून, पाठ करून त्यांच्या धर्तीवर केलेले ते पाठ. आणि विरक्ती व भगवद्भक्ती यांतून प्रसाद म्हणून उमटलेले ते प्रासादिक. या वर्गीकरणात शब्द आणि अर्थ यांचा नव्हे, तर रचणाऱ्याच्या अंतःकरणाचा शोध घेतला आहे, ही त्याची ताकद आहे आणि अडचणही, कारण अंतःकरण कोणाला दिसत नाही. रामदासांचे माप लावले तर आर्याभारत पाठात जाईल आणि केकावली प्रासादिकात. पण दोन्ही एकाच अभ्यासाची फळे आहेत, हे मात्र त्यातून कळणार नाही.

आर्येची रचनाच पाहिली तर हा अभ्यास कशासाठी होता ते दिसते. आर्या हे मात्रावृत्त आहे, म्हणजे त्यात अक्षरांची संख्या न मोजता ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घ अक्षराची दोन अशा मात्रा मोजतात. शास्त्रोक्त आर्येच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात. मोरोपंतांनी जिला आर्या म्हटले ती बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात ‘गीती’ आहे, म्हणजे तिच्या दोन्ही ओळी १२ आणि १८ अशा सारख्याच मात्रांच्या आहेत. हा बदल क्षुल्लक नाही. शेवटच्या तीन मात्रा वाढल्याने दोन्ही ओळी समतोल होतात, शेवटच्या यमकाला जागा मिळते, आणि ऐकणाऱ्याला कुठे थांबायचे ते आपोआप कळते. शिवाय अक्षरगणवृत्तातील लघुगुरूंचा ठरलेला क्रम येथे नसल्याने संस्कृत समास आणि बोलीतले मराठी क्रियापद एकाच ओळीत बसवता येतात. महाभारताएवढी कथा सांगण्यासाठी पंतांनी हेच वृत्त का धरले, याचे उत्तर या लवचीकपणात आहे.

ही आर्या बारामतीच्या बाहेर गेली ती मुख्यतः कीर्तनातून. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखाद्या अभंगावर तात्त्विक निरूपण होते आणि उत्तररंगात त्याच्या पुष्टीसाठी आख्यान लावले जाते. आख्यानात एकाच प्रसंगी ओवी, श्लोक, साकी, दिंडी, आर्या असा पालट करण्याची पद्धत असल्याने कीर्तनकाराला नेमकी, टाळीवर संपणारी, एका दमात म्हणता येणारी पद्ये लागतात, आणि मोरोपंतांची आर्या या गरजेला चपखल बसली. या प्रसाराशी सोलापूरच्या राम जोशी या शाहिराचे नाव निगडित आहे. लावण्या रचून त्या तमाशाच्या फडावर स्वतः सादर करणारा हा व्युत्पन्न ब्राह्मण मोरोपंतांच्या सहवासाने कीर्तनाकडे वळला आणि पंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून सर्वत्र पोहोचवल्या, असे परंपरा सांगते. पंतांनी त्याला कविप्रवर म्हणून गौरवले, अशीही तिची साक्ष आहे. एवढे खरे, की पंडित कवी आणि शाहीर हे वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत दोन स्वतंत्र प्रकरणांत बसतात, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस ते एकमेकांचे ऐकत होते.

पंत आणखी एका बाजूने कान देऊन होते. ‘सीतागीत’, ‘सावित्रीगीत’, ‘रुक्मिणीगीत’ अशी त्यांची गीते बायकांनी म्हणावीत या हेतूने सोप्या भाषेत आणि बायकांच्या गाण्यांच्या वळणावर रचलेली आहेत. आर्याभारतकाराला ही गाणी रचावीशी वाटली, याचे कारण भोवतालच्या घराघरांत पहाटे जात्यावर म्हटली जाणारी ओवी हे होय. या ओवीची सर्वांत जुनी नोंद चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या सुमारे ११३० मधील संस्कृत ग्रंथात सापडते आणि ती व्याख्येच्या दृष्टीने विलक्षण आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ओवी म्हणजे काय हे सांगताना राजाने मात्रा मोजल्या नाहीत, रस सांगितला नाही. कोण म्हणते, कुठल्या कामात म्हणते, एवढेच सांगितले. कांडणाचा आणि दळणाचा हात ज्या अंतराने फिरतो त्या अंतराने ओळ तुटते; पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा, ही ग्रंथातील ओवीची ओळख पुढे पोथ्यांतून पक्की झाली. जात्यावरच्या ओवीत पदे वाढतात, घटतात, ‘बाई’ किंवा ‘गं’ घालून ओळ भरून काढली जाते, आणि तरीही ती चुकीची ठरत नाही.

पुणे जिल्ह्यातील या ओव्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पद्धतशीर गोळा करण्यास सुरुवात केली आणि हा संग्रह महाराष्ट्रभर वाढत एक लाखाच्या पुढे गेला. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, पाऊस, जातीचा जाच असे विषय त्यांत आहेत. त्यांतील पुष्कळशा ओव्या रसाच्या कोणत्याही कसोटीवर उतरतील, पण त्या रचणाऱ्या बायकांनी स्वतःला कवी म्हणवून घेतल्याचे कोठे दिसत नाही. धनगरांची ओवी ही याहून वेगळी. बिरोबा-म्हाकूबाईच्या कथा सांगताना तिच्यात गाणे आणि गद्य निवेदन एकमेकांत मिसळतात, आणि गद्य कोठे संपून पद्य कोठे सुरू झाले हे गाणाऱ्यालाही वेगळे काढून दाखवता येत नाही. बारामती-इंदापूरच्या माळरानांवर मेंढरे राखणाऱ्या समाजाची ही परंपरा पुस्तकी व्याख्येच्या कचाट्यात कधीच सापडली नाही. तिचा गंभीर अभ्यास झाला तो गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या जर्मन संशोधकामुळे, ही मराठी समीक्षेला शोभणारी गोष्ट नाही.

तिसरा प्रकार अभंगाचा. त्याचे माप मात्र संतांनी स्वतःच नोंदवून ठेवले: नामदेवांच्या नावावर असलेल्या एका अभंगात साडेतीन चरण, पहिल्या तिन्हींत मिळून अठरा आणि एकूण बावीस अक्षरे, असा हिशेब दिला आहे. म्हणजे अभंगकर्त्यांना रचनेचे शास्त्र ठाऊक नव्हते, ते आपोआप उमटत गेले, ही समजूत खरी नाही. तुकोबांनी मात्र कवित्वाचे श्रेय वारंवार झिडकारले. बोलविता धनी निराळा आहे आणि आपण केवळ दुसऱ्याचे धान्य मोजणारे मापाडी आहोत, ही त्यांची भूमिका. या भूमिकेत रामदासांच्या प्रासादिक कवित्वाची व्याख्या अनुभवाच्या भाषेत आलेली आहे. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा आज बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असा नीरा ओलांडून अकलूजकडे जातो. बेलवडीत आणि इंदापुरात रिंगण होते, काटेवाडीत मेंढ्या पालखीभोवती फिरवल्या जातात. या वाटेवर अभंग पायांच्या ठेक्यावर, टाळाच्या दोन ठोक्यांमध्ये बसवून म्हटला जातो. दिंडीतील विणेकऱ्यापासून शेवटच्या वारकऱ्यापर्यंत ओळ पोहोचायची तर ती आखूड, उचलून धरता येणारी आणि ध्रुवपदाला परतणारी असावी लागते, आणि सहा अक्षरांचा चरण ते काम चोख करतो. मोरोपंतांनी ‘सन्मणिमाला’ रचून संतांना वंदन केले, पण स्वतःच्या आर्येला अभंगाचे रूप देण्याचा हट्ट धरला नाही; दोन्हींचे श्रोते वेगळे आहेत हे त्यांना चांगले ठाऊक असावे.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि ऐकण्याची रचना डोळ्यांनी वाचण्याची झाली, तेव्हा व्याख्येचा वाद खऱ्या अर्थाने पेटला. परशुरामतात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ या १८५४ च्या वेच्यांनी मोरोपंतांना शाळेत नेले. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी केकावलीवर टीका लिहून तिला आपल्या आईवडिलांच्या नावांवरून ‘यशोदा पांडुरंगी’ असे नाव दिले (१८६५). संस्कृत अलंकारशास्त्र आणि इंग्रजी काव्यविचार एकत्र आणून मराठी कवीची छाननी करण्याचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न होता. दुसऱ्या टोकाला महादेव मोरेश्वर कुंटे यांनी ‘राजा शिवाजी’ (१८६९) या काव्याच्या इंग्रजी प्रस्तावनेत पंडिती कृत्रिमतेला विरोध करून साध्या, बोलीच्या मराठीचा कैवार घेतला. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मोरोपंतांच्या कवितेची बाजू जोरकसपणे मांडली. त्याच मालेत ‘विद्वत्त्व आणि कवित्व’ या निबंधात विद्वत्ता आणि कवित्व या दोन वेगळ्या शक्ती असल्याचेही त्यांनी प्रतिपादले. आपल्या आवडत्या कवीवरचा मुख्य आक्षेप ज्या भेदावर उभा होता तो भेद मान्य करूनच त्याचा बचाव करण्याचे हे धाडस चिपळूणकरांनाच शोभते. मात्र हे सगळे वादी मोरोपंतांना छापील पानावर तपासत होते. पुराण आणि कीर्तन त्यांच्या लेखी काव्याची निमित्ते होती, काव्याची घडण ठरवणारी कारणे नव्हती.

ल. रा. पांगारकरांच्या १९०८ मधील चरित्रग्रंथाने पंतांच्या जीवनाची माहिती एकत्र आणली, पण केशवसुतांनंतर मराठी कवितेची व्याख्या कवीच्या आत्माविष्काराकडे झुकली आणि त्या मापात पुराणिकाला जागाच उरली नाही. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’ने (१९२७, सुधारित १९३७) वृत्तांचा हिशेब शास्त्रशुद्ध केला. बा. सी. मर्ढेकरांनी लयीची तत्त्वे संवाद, विरोध आणि समतोल अशी मांडली, आणि नव्या यंत्रयुगाची कविता लिहिताना स्वतः अभंगाचे आणि ओवीचे साचे वापरले. व्याख्या सर्वांत आधुनिक करणाऱ्या कवीने जुन्यात जुने छंद हाती घ्यावेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या सर्व इतिहासातून निष्पन्न होणारा निवाडा असा, की बारामती-इंदापूरच्या परिसरात आर्या, ओवी आणि अभंग यांना कोणत्याही एका व्याख्येने न्याय मिळत नाही. सोमेश्वराने ओवीबाबत जे केले ते, म्हणजे रचना कोणासाठी, कोणत्या कामात आणि कोणत्या कानासाठी झाली हे आधी विचारणे, हाच त्यातल्या त्यात खरा मार्ग आहे. निरोष्ठ रामायण या मार्गानेही मोठे काव्य ठरणार नाही. आर्याभारताचा विचार मात्र नव्याने करावा लागेल, आणि ज्या वाचकाला त्याचा पडताळा घ्यायचा असेल त्याने त्यातील कोणतेही एक पर्व मनातल्या मनात न वाचता मोठ्याने, दोन्ही ओळींच्या विरामांवर थांबत, निदान घटकाभर वाचून पाहावे आणि मगच पंतांविषयी मत द्यावे.